उसवावं की ठिगळ लावावं?



समोरच्या टेबलावर दोन कापडं ठेवली आहेत. हे व्याख्यान नंतर वाचणाऱ्यांना ती दिसणार नाहीत, म्हणून आधी वर्णन करून सांगतो. पहिली आहे गोधडी. आमच्याच घरातली, जुन्या नऊवारी लुगड्यांची. धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातो. दुसरा आहे काळ्या इरकलीचा हातभर तुकडा. त्यावर कर्नाटकी कशिदा आहे, कानडीत ज्याला कसुती म्हणतात ते भरतकाम. दोन्ही कापडांत चुका आहेत. आजचं बोलणं त्या चुकांवर आहे, आणि चूक कळल्यावर करणारीनं पुढं काय केलं यावर जास्त आहे.

हा विषय समीक्षेचा कसा, असं कुणी विचारेल. आम्ही उलट विचारतो. सवाई गंधर्वच्या मांडवात बसलेला पुणेकर गवयाचा एक स्वर जरा उतरला तरी शेजाऱ्याकडे बघतो. सम निसटली तर त्याला कळतं, आणि गवयानं पुढच्या आवर्तनात ती कशी सावरली हेही कळतं. त्या सावरण्याला तो दाद देतो. बेसूर, कणसूर, लय ढिली पडली, सम गाठली; यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. हातानं शिवलेल्या कापडापुढं मात्र तोच माणूस दोनच गोष्टी बोलतो: "सुबक आहे" किंवा "वाकडंतिकडं आहे". अलीकडे तिसरं वाक्य आलंय: "हातचं आहे ना, असं चालायचंच." हे तिसरं वाक्य आम्हाला सगळ्यांत जास्त खटकतं. का, ते पुढं येईल.

आधी कशिद्याकडे जाऊ. धारवाड, बेळगाव हा या कामाचा मुलूख. यात कापडावर आधी नक्षी छापत नाहीत, पेन्सिलीनं काढतही नाहीत. कापडाचे उभेआडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं मोजणीवर उभं. टाके मुख्यतः चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. त्यातला गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली असं जायचं. परतताना रिकाम्या राहिलेल्या जागा भरत यायचं. गाठ मारायची नाही. काम नीट उतरलं तर कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

आता यात चूक कशी होते? चार धाग्यांऐवजी पाच उचलले गेले, एवढीच. त्या क्षणी काहीही बिघडलेलं दिसत नाही. टाका छान बसलेला असतो. चूक दिसते ती आकृती बंद होताना, गोपुराची एक बाजू दुसरीला भेटायला येते आणि एका धाग्यानं हुकते तेव्हा. तोवर तीसचाळीस टाके पुढं गेलेले असतात. त्यात कापड काळं, चंद्रकळेचं असेल, तर धागे मोजणं हीच डोळ्यांची परीक्षा. या कामात चूक घडते एके ठिकाणी आणि कळते दुसऱ्या ठिकाणी.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सुईतून दोरा ओवून काढायचा आणि एकेक टाका मागं ओढत चुकीपर्यंत जायचं. गाठ नसल्यामुळे ते जमतं. दुसरी वाट म्हणजे चूक पोटात घालून पुढं जाणं. आमच्या या तुकड्यावर दोन गोपुरं आहेत. पहिल्या गोपुराच्या तिसऱ्या मजल्यावर डावीकडे एक धागा जास्त आहे. उजवीकडेही तिसऱ्याच मजल्यावर नेमका एक धागा जास्त आहे. नुसतं हे एक गोपुर बघितलं तर वाटेल, नक्षीच तशी आहे. पण शेजारचं गोपुर बघा. तिथं दोन्ही बाजूंना हिशोब बरोबर चारचा आहे. म्हणजे पहिल्यात चूक झाली, ती डावीकडे झाली, आणि ती कळल्यावर बाईनं उसवलं नाही. उजवीकडे तीच चूक मुद्दाम करून तोल साधला. डावीकडचा धागा ही चूक आहे, उजवीकडचा धागा हा निर्णय आहे. दिसायला दोन्ही सारखेच. हा फरक ओळखणं हे आमच्या मते समीक्षेचं काम, आणि त्यासाठी शेजारचं गोपुर बघावं लागतं. एका आकृतीवरून निकाल देता येत नाही.

गोधडीचं गणित वेगळं. तिथं मोजणीपेक्षा ताणाचा प्रश्न असतो. कुणी तिला वाकळ म्हणतं, बाळाची असेल तर दुपटं म्हणतं. रीत साधारण तीच. धुऊन मऊ झालेली लुगडी, धोतरं जमिनीवर पसरायची, मधल्या थरात तुकडे लावायचे, कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे आणि मग कडेनं धावदोरा घालत आत यायचं. आता प्रत्येक टाक्याबरोबर सुई वरचं कापड केसभर पुढं ढकलते. एका टाक्याला ते कळत नाही, पण कडेकडून मध्याकडे येताना ते जास्तीचं कापड पुढं पुढं सरकत राहतं आणि शेवटी मधोमध फुगा धरतं. म्हणजे इथंही चूक घडली कडेला आणि दिसली मध्यावर. पण इथं दुरुस्तीचा विचार पार बदलतो.

उसवून कडेपर्यंत मागं जाता येतं, तत्त्वतः. पण लुगडं वीस वर्षं अंगावर झिजलेलं असतं. उसवताना दोऱ्याबरोबर कापडाचे धागे निघून येतात, टाक्याच्या भोकाची चीर होते. म्हणून जाणती बाई फुगा दिसला की बहुधा उसवत नाही. फुगा लहान असेल तर टाके जवळजवळ घालून तो चार ओळींत जिरवते. मोठा असेल तर त्याची चुणी घालून चुणीवरून टाका घेते. चुणी डोळ्यांत येत असेल तर वर चौकोनी ठिगळ देते. वाचणाऱ्याला ही आळशी माणसाची पळवाट वाटेल. तसं नाही. कशिद्याचं कापड नवं आणि दाट असतं, तिथं उसवणं हे कौशल्य. गोधडीचं कापड विरलेलं असतं, तिथं न उसवणं हे कौशल्य. दुरुस्तीचा नियम हातातल्या कापडाचं वय बघून ठरतो.

हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, असा आव आणत नाही. समोरची गोधडी आमच्या आजीनं शिवलेली. तिच्या एका कोपऱ्यात धावदोऱ्याच्या ओळी एकदम वळतात, दाटतात, एकमेकींवर चढतात. बाकी ओळी सरळ आणि या कोपऱ्यात गोंधळ. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की म्हातारपणी आजीला दिसेनासं झालं होतं, तिथं तिचा हात चुकला. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की तेवढा कोपरा नीट करून घ्यावा. मशीनवर सरळ टीप मारून देणारा माणूस शोधला, त्याला सांगितलं, इथलं उसवा आणि सरळ शिवा. त्यानं विचारलंसुद्धा, "नक्की उसवू?" आम्ही म्हटलं, उसवा.

उसवल्यावर आत काय होतं? मधल्या थरातला एक तुकडा, इतका विरलेला की जाळीच झाली होती. आजीनं तो टाकून न देता आत धरला होता, आणि त्या जाळीचा एकही धागा सुटू नये म्हणून टाके दाट केले होते, ओळी तिच्या कडेकडेनं वळवल्या होत्या. आमचं ज्याला "हात चुकला" म्हणणं होतं, ती दुरुस्ती होती. आणि आम्ही ती दुरुस्तीच दुरुस्त करायला निघालो. नंतरची मशीनची टीप सरळ आहे, घट्ट आहे. पहिल्याच धुण्यात आतला तुकडा सुटला आणि गोळा होऊन एका कडेला गेला. हा बघा, हाताला लागतो. तो तुकडा कुणाच्या लुगड्याचा होता, तो फेकून का दिला नव्हता, हे सांगणारं आता कुणी नाही. चूक आमची होती. ती पाहण्यातली चूक होती, आणि पाहणं हेच समीक्षेचं काम असल्यामुळे हा किस्सा इथं सांगितला.

आपली नजर अशी का झाली? एक कारण शिक्षणात आहे. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं आणि बायकांना स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या शिक्षणात शिवणकामाला जागा मिळाली. पुढं शाळाशाळांतून शिवणाचा तास आला. त्या तासाला बाई आधी कापडाची उलटी बाजू बघत. दोरे लोंबले की उसव, पुन्हा कर. या शिस्तीची आम्ही टिंगल करणार नाही. जिला शिवणावर पोट भरायचं होतं, तिची टीप सरळ असणं ही तिच्या मजुरीची हमी होती. फक्त ती कसोटी झबली, परकर, पोलकी यांच्यासाठी, नव्या कापडासाठी होती. आपण ती सरसकट सगळ्या शिलाईला लावत गेलो, आणि गोधडी त्या परीक्षेत कायमची नापास झाली.

दुसरं कारण भाषेत आहे. मराठी समीक्षेत "ठिगळ" ही शिवी आहे. कादंबरीतलं एखादं उपकथानक नको असेल तर आपण लिहितो, "ठिगळासारखं वाटतं". आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं म्हणताना ठिगळ म्हणजे दुबळा उपाय, हेच गृहीत असतं. याच महाराष्ट्रात गाडगेबाबा चिंध्यांची, ठिगळांची वस्त्रं पांघरून गावोगाव हिंडले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या अंगावरचं ठिगळ लपवायची गोष्ट नव्हती, लोकांशी बोलायची गोष्ट होती. ते आपण कीर्तनात ऐकलं, समीक्षेत घेतलं नाही.

आता त्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. "हातचं आहे, असं चालायचंच." वरवर हे फार उदार वाटतं. चुकीतलं सौंदर्य, अपूर्णतेची मजा वगैरे. याच्या जोडीला एक गोष्ट सांगतात: अमेरिकेतल्या आमिश बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. ऐकायला गोड आहे, पण गोधड्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना या गोष्टीला आधार सापडत नाही. ज्यांनी रोज सुई धरली त्यांना चूक मुद्दाम करावी लागत नाही, ती आपोआप होते. आपल्याकडे बाळाला तीट लावतात. पण तीट ही चूक नाही. ती कुठं लावायची, केवढी लावायची, हे लावणारीला नक्की माहीत असतं. ठरवून ठेवलेली खूण आणि निसटलेला टाका यांना एकाच टोपलीत टाकलं की करणारीची अक्कल आपल्या हिशोबातून गळते. "चालायचंच" म्हणणारा माणूस तिला माफ करतो. माफी तिनं मागितलेली नसते. तिनं काय केलं ते बघा, एवढीच तिची मागणी असू शकते.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. तिथल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. समीक्षकांनी तिरक्या पट्ट्यांची, वाकड्या चौकोनांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. ती दाद खोटी होती असं नाही. पण त्यातले कितीतरी तुकडे शेतावर झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे होते. गुडघ्याशी विरलेली विजार कापली की पट्टी जिथं धड आहे तिथूनच निघते, ती सरळ असेलच असं नाही. ओळ तिरकी का, याचं निम्मं उत्तर त्या गुडघ्यात आहे. आणि 2007 मध्ये तिथल्या काही जणींना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयात जावं लागलं. पुढच्या वर्षी ती प्रकरणं मिटली. वाकड्या ओळीला संग्रहालयात भाव येतो, तेव्हा तो भाव ओळ घालणारीपर्यंत पोचला का, हा प्रश्न समीक्षेच्या बाहेरचा आहे असं आम्हाला वाटत नाही.

दुरुस्तीनं अर्थ किती बदलू शकतो, याचं एक उदाहरण फ्रान्समधलं. बायू गावची ती प्रसिद्ध टॅपेस्ट्री. नाव टॅपेस्ट्री, पण ती विणलेली नाही. लिननच्या पट्टीवर लोकरीच्या दोऱ्यानं केलेलं ते भरतकाम आहे, सुमारे 70 मीटर लांब, अकराव्या शतकातलं. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईची ती गोष्ट. ही पट्टी तुकडे जोडून केली आहे. पहिल्या जोडाला वरखालच्या किनारी नीट जुळत नाहीत. पुढचे जोड मात्र शोधावे लागतात, इतके बेमालूम. म्हणजे करणाऱ्यांनी पहिल्या जोडात चूक केली, ती उसवली नाही, तशीच राहू दिली आणि पुढं सुधारली. नऊशेहून जास्त वर्षं ती चूक तिथं आहे, म्हणून काम कसं शिकत शिकत झालं हे आज आपल्याला वाचता येतं.

त्याच पट्टीवर हॅरल्ड राजाच्या डोळ्यात बाण घुसल्याचा प्रसंग आहे. शाळेच्या पुस्तकांतून तो जगभर गेला. पण अठराव्या शतकात त्या भागाची जी चित्रं काढून ठेवली गेली, त्यांत आज दिसतो तसा पिसांचा बाण नाही. एकोणिसाव्या शतकात तिथं दुरुस्ती झाली. त्यामुळे बाण मूळचा की दुरुस्ती करणाऱ्याच्या समजुतीतला, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. दुरुस्त करणाऱ्यानं काही वाईट हेतूनं केलं असं नव्हे. त्यानं भोकं बघितली आणि त्याला जे असायला हवं असं वाटलं ते भरलं. आमच्या आजीच्या कोपऱ्यात आम्ही सरळ टीप भरली, तसंच.

आणि शेवटचं उदाहरण रफूचं. रफूगार कापडाच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढतो आणि भोकावर सुईनं ताणाबाणा पुन्हा विणतो. काम उत्तम झालं याची खूण एकच: ते दिसत नाही. म्हणजे जेवढा कारागीर मोठा, तेवढा तो अदृश्य. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादच्या रफूगारांवर दिल्लीच्या वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्या गेल्या. त्यांनी स्वतःच्या कलाकृतींत कागदाच्या लगद्यात कापडाचे तुकडे बसवले, म्हणजे सांधा उघडा ठेवला. रफूगार जे लपवतो ते त्यांनी दाखवलं. आम्हाला यात विरोध दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या शालीवर सांधा लपायलाच हवा, तो त्या कामाचा धर्म आहे. पण भिंतीवर लावताना, त्याबद्दल लिहिताना, तो सांधा कुणाचा आहे हे कुठंतरी यायलाच हवं.

मग पुण्यात काय करता येईल? आपल्याकडे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूही बघण्याजोग्या असतात, हे त्या संग्रहानं शहराला शिकवलं. तीच नजर शिवलेल्या कापडावर यायला हवी. प्रदर्शनात गोधडी टांगली तर तिची उलटी बाजूही बघता येईल अशी टांगावी. खालच्या पट्टीवर नुसतं "सुती कापड, हातशिलाई" न लिहिता, शिवणारीचं नाव ठाऊक असेल आणि तिची हरकत नसेल तर ते लिहावं, आणि दुरुस्त्या कुठं आहेत तेही लिहावं. डिसेंबरात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गोधडी घेताना वाकडी ओळ दिसली, तर भाव पाडून मागण्याआधी विचारावं, "इथं काय झालं होतं?" कधी उत्तर येईल, "चुकलं हो, घाईत होते." तेही खरं उत्तर आहे, ते मान्य करू. चूक ही चूकच म्हणण्यानं कुणाचा अपमान होत नाही. कधी वेगळं उत्तर येईल, आणि मग आपण जिला खोट समजलो त्या जागेवर दोन दिवसांची जास्त मेहनत आहे हे कळेल. त्या दोन दिवसांचे पैसे आज कुणी देत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "घरात सासूबाईंची फाटलेली गोधडी आहे. दुरुस्त करू की तशीच जपून ठेवू?" ताई, वापरायची असेल तर जरूर दुरुस्त करा, गोधडी अंगावर घ्यायलाच केलेली असते. फक्त जुनं उसवू नका. फाटल्या जागेवर वरून मऊ, जुनं सुती कापड ठेवा आणि सुती दोऱ्यानं हातानंच शिवा. पॉलिएस्टरचा दोरा नको. तो कापडापेक्षा बळकट असतो, ओढ बसली की दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. दोऱ्याचा रंग जरा वेगळा घ्या, म्हणजे सासूबाईंचे टाके कोणते आणि तुमचे कोणते हे पुढच्यांना कळेल. शिवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि सासूबाईंना ओळखणारं कुणी घरात असेल, तर सुई हातात घेण्यापूर्वी त्यांच्यासमोर ती गोधडी एकदा पसरा आणि कोणतं कापड कुणाचं ते विचारून घ्या. आमचं तेवढं राहून गेलं.

कापडं टेबलावरच आहेत. जाताना उलटून बघा, हात लावायला हरकत नाही.